'फुकटचा प्रवासी' म्हणजे कोण? ट्रकवरच्या मजुराच्या मरणाचा हिशोब



१४ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. धुळे जिल्ह्यातून माल भरून तो रावेरकडे निघाला होता. पपईच्या ढिगावर दिवसभर राबलेले मजूर बसले होते, त्यात बाया होत्या, लेकरे होती. आभोडा, केऱ्हाळा, रावेर या गावांतले किमान १५ जण मालाखाली दबून मेले. दुसऱ्या दिवशी 'काळाचा घाला' अशा मथळ्यांखाली बातम्या लागल्या, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले, पुढाऱ्यांनी भेटी दिल्या आणि प्रकरण लोकांच्या आठवणीतून गेले.

आमचा पहिला प्रश्न 'काळ' या शब्दाला आहे. माणसे पपईवर का बसली होती? व्यापाऱ्याला माल पोचवायला गाडी होती, मजुराला घरी पोचवायला नव्हती म्हणून. यात नियती कुठे आली? मालाचे भाडे ठरते, डिझेल ठरते, मुकादमाचे कमिशन ठरते. मजुराच्या परतीचा प्रवास मात्र कोणाच्याच हिशोबात धरलेला नसतो.

खान्देशात अशा एका अपघाताची नोंद खुद्द बाबासाहेबांनी करून ठेवली आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते या भागात फिरत होते. चाळीसगावला उतरले तेव्हा एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार झाला नाही. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा सवयीचा नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत गेले. पोलिसांच्या कागदावर तो टांग्याचा अपघात असेल. बाबासाहेबांनी मात्र तो जातीचा अनुभव म्हणून लिहिला. कोण कोणत्या गाडीत बसेल, कोण हाकेल आणि कोणाचे हाड मोडेल हे रस्त्यावर येण्याआधीच ठरलेले असते, हे त्यांनी स्वतःच्या मोडक्या पायावरून दाखवून दिले.

आता बोदवडकडे येऊ. १४ मार्च २०२५ च्या पहाटे आपल्या बोदवडला धान्याचा ट्रक बंद रेल्वे फाटक तोडून रुळावर आला आणि मुंबई-अमरावती एक्सप्रेस त्याला धडकली. जीवितहानी झाली नाही म्हणून आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ फिरले आणि विषय संपला. त्या ट्रकच्या मालावर चार-सहा माणसे असती तर? आपला तालुका कोरडवाहू. उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे रखडलेली. कपाशी वेचून झाली की आपली माणसे रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात जातात, पिकअपमध्ये उभी राहून जातात, आयशरवर बसून येतात. तेव्हा 'असते तर' हा प्रश्न आपल्यासाठी काल्पनिक नाही.

अपघातानंतर मयताच्या घरी आम्ही जातो तेव्हा दोन गोष्टी बहुतेक वेळा दिसतात. एक, घरच्यांना वाटते की सरकारने जाहीर केलेले २ लाख म्हणजेच भरपाई. दोन, कोणीतरी मध्यस्थ येऊन गेलेला असतो आणि '५० हजार आत्ता घ्या, कोर्टात काय मिळणार' असे सांगून स्टॅम्पवर अंगठा मागत असतो. तरुण कार्यकर्त्यांनी हे नीट समजून घ्यावे. सानुग्रह मदत ही सरकारची मर्जी आहे. भरपाई हा मोटार वाहन कायदा, १९८८ मधला हक्क आहे. एक घेतल्याने दुसरा संपत नाही. आणि सही-अंगठ्याचा तो कागद पुढे कोर्टात आपल्याच विरोधात काढला जातो.

फरक किती पडतो ते आकड्यातच पाहू. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत हिशोबाची रीत घालून दिली आहे. समजा २८ वर्षांचा मजूर, महिना १५ हजार कमाई, मागे बायको, दोन लेकरे आणि म्हातारी आई. चाळिशीच्या आतल्या रोजंदारीवाल्याला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे २१ हजार. चार माणसे अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करतात, उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयाला गुणक १७. एकूण ३२,१३,००० रुपये. अंत्यविधी, सहवासाची हानी यांची रक्कम आणि व्याज वेगळे. याच मजुराची कमाई पुराव्याअभावी १० हजार धरली गेली, तर आकडा २१,४२,००० वर येतो. एका कागदाच्या अभावी पावणेअकरा लाखांच्या आसपास रक्कम गेली. ५० हजारांवर अंगठा दिला असता तर काय गेले असते, याचा हिशोब वाचणाऱ्याने स्वतः करावा.

बाईच्या बाबतीत तर दुहेरी लूट होते. ती वेचणीला जाते, पण पुरुषापेक्षा कमी मजुरीने. आणि घरातले काम कोणी मोजतच नाही. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे मोल भरपाईत धरलेच पाहिजे असे पुन्हा ठामपणे सांगितले. म्हणून मजूर बाईच्या अर्जात शेतातली मजुरी आणि घरकाम दोन्ही लिहायला वकिलाला भाग पाडा. ते आपोआप लिहिले जात नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येतो, कारण इथेच कायदा आणि जात-वर्ग एकमेकांत मिसळतात. ट्रकची धडक रस्त्यावरच्या माणसाला बसली तर तो 'तिऱ्हाईत' ठरतो आणि विमा कंपनीला पैसे भरावे लागतात. पण ट्रकवर बसलेला मजूर मेला की कंपनीचा वकील एक शब्द काढतो: फुकट प्रवासी. मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी निकालात सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, हा अपवाद थेट कलम १४७ मध्येच घातला. गाडीमालकाचा स्वतःचा मजूर असेल तर त्याला संरक्षण आहे, मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोबत असेल तर त्यालाही आहे. पण गाडी भाड्याने घेणाऱ्या व्यापाऱ्याचा मजूर? २०१२ च्या संजीवकुमार सम्राट निकालात न्यायालयाने म्हटले की विम्यातला 'कर्मचारी' म्हणजे गाडीमालकाचा कर्मचारी, भाडेकऱ्याचा नव्हे.

याचा अर्थ नीट पाहा. केळीच्या मालकाला संरक्षण आहे. केळी उचलणाऱ्याला नाही. त्याच गाडीत, त्याच मालावर दोघे बसले आणि दोघे मेले, तर एकाच्या घरी विम्याची रक्कम जाईल आणि दुसऱ्याच्या घरी 'फुकट' हा शब्द. ज्याने चौदा तास घाम गाळून गाडी भरली, ज्याची परतीची व्यवस्था हा त्याच्या मजुरीचाच भाग होता, तो फुकट कसा? त्याने भाडे पैशात दिले नाही, पाठीने दिले. न्यायालयाने कायद्याचे शब्द वाचले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. शब्द लिहिताना संसदेने ट्रकच्या मागच्या बाजूला कोण बसते हे पाहिले नाही, ही आमची तक्रार आहे.

कोणी म्हणेल की मालवाहू गाडीत माणसे बसवणे बेकायदेशीर आहे, त्याला विमा दिला तर गुन्ह्याला प्रोत्साहन मिळेल. आक्षेप रास्त वाटतो, पण शिक्षा कोणाला होते ते पाहा. नियम मोडला मालकाने आणि व्यापाऱ्याने, दंड भरते विधवा. न्यायालयाला हे कळत नाही असे नाही. २००४ च्या बलजित कौर निकालात तीन न्यायमूर्तींनी कंपनीची जबाबदारी नाकारली, तरी कंपनीने आधी वारसांना पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला. 'आधी द्या, मग वसूल करा' ही वाट नंतरच्या निकालांतही वापरली गेली. ती दरवेळी मिळतेच असे नाही, आणि अर्जात मागितली नाही तर मिळण्याची आशाच नको. अर्ज वाचून दाखवायला सांगा. ही मागणी त्यात नसेल तर सही करू नका.

दुसरे दार कर्मचारी नुकसानभरपाईचे. १९२३ चा तो जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण तत्त्व तेच: काम करताना आणि कामामुळे मृत्यू आला तर मालक देणे लागतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या खटल्यात, कामावर जाता-येतानाचा अपघातही कामाशी संबंध दाखवता आला तर यात धरता येतो असे म्हटले. रखवालदार २००३ साली मेला होता. निकालाला बावीस वर्षे लागली, हेही लक्षात असू द्या. या मार्गाने व्यापारी आणि मुकादम जबाबदार धरता येतात. मात्र दोन्ही कायद्यांखाली भरपाई घेता येत नाही, एक निवडावा लागतो. कोणता, हे मजूर नेमका कोणाचा होता यावर ठरते.

म्हणून सगळी लढाई या एका प्रश्नावर येते: मजूर कोणाचा? हजेरीपत्रक नसते, मजुरी मुकादमाच्या हातून रोख मिळते आणि अपघातानंतर सगळेच हात वर करतात. पोलिसांच्या फिर्यादीत नाव असते फक्त ड्रायव्हरचे. ड्रायव्हरही बहुतेक वेळा आपल्यातलाच, दोन रात्री न झोपलेला पोऱ्या. जमाव त्याला मारतो. मालक आणि व्यापारी कागदावर येतच नाहीत. कार्यकर्त्याने पहिल्या आठवड्यात करायचे काम हे आहे. वाचलेल्या मजुरांचे जबाब लवकर नोंदवून घ्या, 'आम्हाला कोणी बोलावले, मजुरी कोण देणार होते, गाडी कोणी दिली' हे त्यात स्पष्ट येऊ द्या. चार दिवसांनी दबाव येतो आणि जबाब बदलतात. मुकादमाचे फोन, मोबाईलवरून आलेली मजुरी, बाजार समितीची पावती, माथाडी मंडळाची नोंद असेल तर ती, ई-श्रम कार्ड, बचत गटाचे पुस्तक, सगळे जपा. विमा पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. पहिले पान पुरत नाही, कारण हमाल-क्लीनरसाठी जादा हप्ता भरला आहे का हे आतल्या तक्त्यात असते.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा. पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला उत्पन्नाचा दाखला कंपनीचा वकील हमखास पुढे करतो: 'वर्षाचे उत्पन्न इतकेच, मग महिना १५ हजार कुठून आले?' अशा वेळी घाबरून गप्प बसू नये. किमान वेतनाचा शासनाचा दर दाखवावा. कायद्याने जेवढी मजुरी द्यायलाच हवी, त्यापेक्षा कमी कमाई न्यायाधिकरणाने का धरावी, हा प्रश्न वकिलाकडून विचारून घ्यावा.

मुदतीचे पाहा. नव्या दुरुस्तीने कलम १६६ खाली अर्जाला सहा महिन्यांची मर्यादा घातली. त्याला आव्हान दिले गेले असून, केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम आदेशावर घर बांधू नये. सहा महिन्यांच्या आत अर्ज टाका. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि तो अहवालही अर्ज म्हणून धरता येतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा. लेखी विचारा. ठोकून पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात द्यायचा. चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. फक्त ही घाई महागात पडते, कारण ती रक्कम घेतली की १६६ चा मोठा दावा बंद होतो. मे २०२५ पासून जखमीला ठरलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा रोकडविरहित उपचार मिळण्याची योजना आहे. अनामत मागितली तर तिचे नाव घ्या.

वकिलाच्या फीचे कारण सांगून अर्ज लांबवू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. अर्ज न्यायाधिकरणात जिथे अपघात झाला तिथल्याप्रमाणेच जिथे वारस राहतात तिथूनही करता येतो. गुजरातच्या रस्त्यावर मेलेल्या बोदवडच्या मजुराच्या बायकोने सुरतेला खेटे घालायची गरज नाही.

हे सगळे दावे लढत असतानाच एक राजकीय मागणी आपण ऐरणीवर घ्यायला हवी. कलम १४७ मधला मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशाचा अपवाद मजुरांपुरता काढून टाका. शेतमाल वाहणाऱ्या प्रत्येक गाडीच्या विम्यात चढ-उतार करणाऱ्या मजुरांचा हप्ता सक्तीचा करा, गाडी कोणाचीही असो आणि मजूर कोणाचाही. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ मध्ये कामगारांच्या हक्कांना कायद्याचे रूप दिले, आणि आपण दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारोंनी जमतो. त्या गर्दीत येणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्याच आठवड्यात कोणाच्या तरी पिकअपमध्ये उभे राहून कामावर गेलेले असतात. या वर्षी तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल या मागणीच्या सह्यांचे लावू. बोदवड, मुक्ताईनगर, रावेर, यावल इथल्या ज्या साथींना त्या टेबलावर बसायचे आहे, त्यांनी आपल्या गावातल्या गेल्या तीन वर्षांच्या मालवाहू गाड्यांच्या अपघातांची यादी करून आणावी: मजुराचे गाव, गाडी कोणाची, माल कोणाचा, दावा दाखल झाला की नाही.