आधी हातात, मग माफी

आमच्या मोहल्ल्यातले इंजिनियर चाचा गेल्या महिन्यात अल्लाहला प्यारे झाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आम्हा सगळ्यांसाठी ते शेवटपर्यंत इंजिनियर चाचाच राहिले.

त्यांची नोकरी सुरू झाली ती पैठणच्या जायकवाडी धरणावर. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. सत्तावीस दरवाजे आणि सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध. चाचा आमच्या शाळेतल्या मुलांना समजावून सांगत, "बाळांनो, मातीचं धरण थोडं झिरपतंच. पायथ्याशी येणारं पाणी नितळ आहे तोवर काळजी नाही. ते गढूळ झालं, की समजा आतली माती वाहून चाललीय. म्हणून रोज बघायचं."

घरातही त्यांची नजर अशीच होती. वडिलांची जमीन भावांच्या नावावर चढली, तेव्हा बहिणीकडून हक्कसोड पत्र घ्यावं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. फुफीही म्हणाल्या, "भाईजान, मी माफ केलं." चाचा म्हणाले, "जे तुझ्या हातात आलंच नाही, ते माफ कसं करशील? आधी घे. मग ठेव, नाहीतर वाट."

त्यांनी मोजणी करून घेतली आणि शरीअतप्रमाणे निघणारा हिस्सा तोडून सात-बाऱ्यावर फुफीचं नाव लावलं. भाऊ दोन वर्षं बोलले नाहीत. विहीर फुफीच्या वाट्यात गेली. चाची मात्र ठामपणे त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. पुढे फुफींचे शौहर आजारी पडले, तेव्हा त्याच जमिनीच्या उत्पन्नावर त्यांचं घर चाललं.

चाचांच्या इंतिकालनंतर कर्ज, मग वसीयत, मग वाटे, या क्रमाने सगळा हिशेब झाला. मुलींना कुणीही कोऱ्या कागदावर सही मागितली नाही.

आपल्यात नमाज-रोज्याची आठवण करून देणारे पुष्कळ आहेत. बहिणीचा हिस्सा मात्र ईदीच्या साडीत फिटला, असं आपण धरून चालतो. बहीण गप्प आहे म्हणजे ती राजी आहे, असं नाही. माहेर तुटू नये म्हणूनही ती गप्प बसते. वाचकहो, या आठवड्यात घरातला सात-बारा एकदा काढून बघा, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत.

अल्लाह चाचांची मगफिरत करो. आमीन.