राज्य कोणाचें?

आमच्या बीड जिल्ह्यास स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ रोजीं लाभलें नाहीं. तें तेरा महिन्यांनीं, १७ सप्टेंबर १९४८ रोजीं लाभलें. नांदूरघाट तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. हा विलंब कां झाला, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

संस्थानची शेंकडा ८० हून अधिक प्रजा हिंदु होती. तरी १९३९ च्या सुधारणांत कायदेमंडळांत हिंदु व मुसलमान यांस सारख्याच जागा ठरल्या. त्यापूर्वीं, १९३८ सालीं, स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधींच बंदी आली होती. इत्तेहाद-उल-मुसलमीन या संघटनेचा सिद्धांत तर असा कीं, प्रत्येक मुसलमान राज्याचा धनी असून निजाम हा त्या सत्तेचें केवळ प्रतीक आहे. अशा राज्यांत ज्याचा धर्म निराळा, तो पिढ्यान्‌पिढ्या नांदूनही बिऱ्हाडकरूच ठरतो.

घरांत विश्वास नसला म्हणजे मनुष्य बाहेर आधार शोधतो, राज्याचेंही तसेंच. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं भारत सरकारशीं 'जैसे थे' करार झाला. तरीही निजाम सरकारनें पाकिस्तानास २० कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ दिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्यें सुरक्षा समितीकडे दाद मागितली. १३ सप्टेंबरला भारतीय फौज संस्थानांत शिरली. १६ तारखेस पॅरिस येथें समितीनें तक्रार विचारास घेतली, आणि दुसऱ्याच दिवशीं निजामानें शरणागति पत्करली. प्रजेचा विश्वास परक्या दारीं उसना मिळत नाहीं.

'मग दोष इस्लामचाच,' असें कोणी म्हणेल. तें मला मान्य नाहीं. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्लाखान मुसलमानच होते. ऑगस्ट १९४८ मध्यें त्यांनीं त्यासाठीं प्राण वेंचले. पुढें संस्थान पडल्यावर कित्येक निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें संस्थानभरांतील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार केला. हेंही मुलांपासून लपवूं नये. जन्मानें धनीपण मागणारा अल्पसंख्य असो वा बहुसंख्य, अन्याय एकच.

पाकिस्ताननें १९५६ सालीं स्वतःस इस्लामी प्रजासत्ताक म्हटलें व राष्ट्राध्यक्ष मुसलमानच असावा असें ठरविलें. इराणच्या १९७९ च्या घटनेनें निवडणुका ठेविल्या. पण अध्यक्षपदाच्या उमेदवारांची पारख १२ जणांच्या एका मंडळाकडे दिली, व त्यांतील ६ धर्मशास्त्री सर्वोच्च धर्मनेत्यानें नेमावयाचे असें ठरविलें. मतपेटी आहे म्हणून सत्ता लोकांचीच आहे, असें होत नाहीं. मतपेटीपूर्वीं चाळणी कोणाच्या हातीं, हें पाहिलें पाहिजे.

आपल्या राज्यघटनेंत राष्ट्रपतीस धर्माची अट नाहीं. हें भाग्य फुकट मिळालेलें नव्हे. ज्यांच्या घरीं त्या काळचें वृद्ध मनुष्य असेल, त्यांनीं त्याच्यापाशीं बसून त्या तेरा महिन्यांची हकीकत ऐकावी. आणि राज्य कोणाचें, असें कोणी विचारल्यास निःशंक उत्तर द्यावें: माझें, व तितक्याच हक्कानें माझ्या शेजाऱ्याचें.