घटस्फोटितेचे घर आणि प्राप्तिकराची वही

वाळूज व चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींनी छत्रपती संभाजीनगरात गेल्या काही दशकांत जो पगारदार वर्ग निर्माण केला, त्याचे घर बहुधा कर्जावर उभे आहे. पंधरा-वीस वर्षांचे हप्ते असतात. संसार तितका टिकेलच असे नाही. कुटुंब न्यायालयाचा हुकूमनामा विवाह संपवतो, कर्ज संपवीत नाही. करारावर दोघांच्या सह्या असल्या, तर बँकेच्या लेखी दोघेही संपूर्ण रकमेला जबाबदार राहतात. पतिपत्नींच्या दाव्यात बँक पक्षकार नसते.

अशा वेळी मालक कोण, हप्ता कोण भरतो आणि घरात कोण राहते, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. प्राप्तिकराचा कायदा मात्र एकच मेळ ओळखतो. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला 2 लाख रुपयांपर्यंत जी वजावट मिळते, ती मालक असणाऱ्याला आणि स्वतः भरणाऱ्याला. समजा, सरकारी रुग्णालयातील एका परिचारिकेच्या नवऱ्याने घर सोडले. खरेदीखत त्याच्या एकट्याच्या नावे. ती केवळ सहकर्जदार. मुलांच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ नये म्हणून ती सारा हप्ता भरते. तिला वजावट नाही, कारण ती मालक नाही. उलट घर तिच्या नावे झाले आणि हप्ते नवऱ्याने भरावेत असे ठरले, तर तो मालक उरत नाही आणि ती भरत नाही. वजावट कोणालाच नाही.

पोटगीचा हिशेब याहून विलक्षण आहे. पत्नीला व मुलांना हुकूमनाम्यानुसार दिलेली रक्कम नवऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात 1960 सालीच ठरवले. पुढे ऐंशीच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती, म्हणून करमुक्त, आणि मासिक पोटगी हे उत्पन्न, म्हणून करपात्र, असा भेद केला. एकरकमी कोण देऊ शकतो? ज्याच्याजवळ पुंजी आहे तो. महिन्याच्या पगारातून देणाऱ्याच्या पोटगीवर एकदा त्याच्या हाती कर, आणि ती मिळवती असेल तर पुन्हा तिच्या हाती.

यावर कोणी कार्यकर्ता म्हणेल, हे सुखवस्तूंचे दुखणे आहे. 2023-24 पासून जी नवी करपद्धती मूळ पद्धती म्हणून आली, तीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. आणि 2025-26 पासून त्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करही नाही. आक्षेप खरा आहे. किंबहुना ज्याचा कराचा दर मोठा त्याला मोठा लाभ देणाऱ्या या सवलतीबद्दल अश्रू ढाळण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. पण विवाहविषयक कायदा जे झाकून ठेवतो, ते कराची वही उघडे करते. त्याचा पगार हप्त्याला आणि तिचा पगार किराण्याला, शाळेच्या फीला, अशी वाटणी हजारो घरांत असते. वीस वर्षांनी त्याच्या पैशाचे घर झालेले असते, तिच्या पैशाची पावतीही नसते. आणि जी पगारच मिळवीत नाही, तिच्या श्रमाचा रकाना कोणत्याच वहीत नाही.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 27 लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या चीजवस्तूंपलीकडे जात नाही. लग्नानंतर घेतलेल्या स्थावर मिळकतीत पत्नीला वाटा देऊ पाहणारे 2010 चे विधेयक राज्यसभेने 2013 मध्ये मंजूर केले; लोकसभा विसर्जित होताच ते मेले. ज्या शहरात डॉ. आंबेडकरांनी 1950 साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या शहराला तरी हिंदू कोड बिलावरून त्यांनी पुढच्याच वर्षी दिलेला राजीनामा आठवावयास हवा.

हे अशक्य आहे म्हणावे, तर शेजारी गोवा आहे. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहात मिळकत सामाईक धरली जाते, आणि प्राप्तिकर कायद्यात 1994 साली घातलेले कलम 5-अ वेतन वगळता इतर उत्पन्न पतिपत्नींत समान विभागते. म्हणजे करखात्याला हे गणित येते. पंतप्रधान आवास योजनेत गरिबाचे घर स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे असावे, अशी अट सरकारने घातलीच आहे. मग जिची सही कर्जावर चालते, तिचे नाव खरेदीखतावर असलेच पाहिजे, ही अट बँकांवर का घालू नये? मासिक पोटगीवरील कर एकाच हाती घ्यावा आणि हुकूमनाम्याने घरात राहून हप्ते भरणारीला वजावटीपुरते मालक मानावे, या दुरुस्त्या तर एका अर्थसंकल्पात होण्यासारख्या आहेत.

तोवर आपल्या महिला आघाडीने वस्त्यांतून कायदेसल्ला देताना कर्जाचा करार आणि खरेदीखत शेजारी ठेवून दोन्हींवरील नावे जुळवून पाहावीत. आणि हे काम संसार सुरळीत असतानाच करावे. पत्नीच्या नावे बक्षीसपत्र केल्यास महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक शुल्क लागते. घटस्फोटानंतर ती पत्नी उरत नाही.