जागरण एकट्या आईचे नव्हे



बेळगावात पावसाची झड लागली की घराघरांत लहान मुलांची नाके वाहू लागतात. काही बाळांची सर्दी नाकापुरती राहत नाही, ती कानात उतरते. दिवसा किरकिरणारे बाळ रात्री आडवे ठेवले की किंचाळून उठते, कान ओढते, दोन घोट दूध पिऊन तोंड बाजूला करते. कुणी म्हणते दात येताहेत, कुणी म्हणते दृष्ट लागली. आई मात्र दुसरी-तिसरी रात्र बाळाला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत असते. अशा घरी भेटायला गेलो की आपण सहज बोलून जातो, "प्रार्थना कर, प्रभू सगळे बरे करील." वाक्य खोटे नाही. पण तेवढे बोलून उठून येणे मला पुरेसे वाटत नाही. बाळाचा कान आणि आईची झोप, या दोन्हींची जबाबदारी सगळ्या घराची आहे आणि आपल्या धर्मग्रामाचीही आहे.

आधी दुखणे समजून घेऊ. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती उतरती असते. बाळात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत ती सुजते, कानातले पाणी खाली उतरत नाही, त्यात जंतू वाढतात आणि कानाच्या पडद्यावर आतून ताण येतो. आडवे झाल्यावर तो ताण जास्त जाणवतो, म्हणून रात्र जड जाते. गिळताना कानातला दाब बदलतो, म्हणून भुकेले बाळही दूध सोडते. कधी पडदा फाटून पू बाहेर येतो आणि दुखणे एकाएकी उतरते. त्यालाच आपण कान फुटला म्हणतो. रडणे थांबले म्हणजे बाळ बरे झाले असे तेव्हा समजू नये. डॉक्टरांना दाखवायची ती वेळ आहे.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडायची जुनी पद्धत आहे. कान दुखला की लसूण कढवलेले तेल, नाहीतर आईचे दूध कानात घालतात. यामागे आज्जीची माया असते, यात शंका नाही. पण दुखणे पडद्याच्या पलीकडे असते, तेल तिथे पोचतच नाही. पडदा फाटलेला असेल तर ते आत जाते आणि बाहेरची घाणही सोबत नेते. तेल गरम असेल तर नाजूक कान भाजतो. कापसाची काडीही आत घालू नये. पू दिसला तर बाहेरून स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावा, एवढेच.

धुराचेही तसेच. शेक-शेगडीची धुरी, चुलीचा धूर, घरात ओढलेली बिडी, सगळ्याने बाळाच्या नाकाला आणि त्या बारीक नळीला सूज येते. निपाणी भागात तंबाखू आणि बिडीवर कितीतरी घरांची चूल पेटते, त्या कष्टाला नावे ठेवायची नाहीत. मात्र बाळ असलेल्या घरात बिडी पेटवू नये, हे आपल्या पुरुषमंडळींनी स्वतःहून ठरवायला हरकत नाही. सिगारेटच्या धुरात वाढणाऱ्या मुलांचे कान जास्त वेळा दुखतात, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. आणखी दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, आणि पुढे बाटली द्यावीच लागली तर बाळाला आडवे झोपवून देऊ नये. सरकारी केंद्रात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर न्यूमोकोकल लस मोफत मिळते. ती न्यूमोनियासाठी आहेच, काही कानदुखीही तिने टळतात.

डॉक्टरांकडे कधी जायचे? बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, कानातून पू येत असेल किंवा ताप आणि रडणे दुसऱ्या दिवशीही कमी होत नसेल, तर थांबू नये. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, कानामागे सूज आली, बाळ मलूल पडले, दूधच घेईना, मान ताठ झाली किंवा झटके आले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. निपाणीकडच्या घरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते. अशा वेळी राज्याची सीमा मोजत बसू नये, जवळचे दार ठोठवावे. प्रत्येक कानदुखीला अँटिबायोटिक लागतेच असे नाही. डॉक्टरांनी दिले तर मात्र सांगितलेले सगळे दिवस द्यावे. पॅरासिटामॉलचे प्रमाण बाळाच्या वजनावर ठरते. थोरल्या मुलाच्या उरलेल्या बाटलीतून अंदाजाने देऊ नये.

औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे मानणारे आपल्यातही आहेत. बेन सिराच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय त्यांनी वाचावा. आजारात प्रार्थना करा आणि वैद्यालाही जागा द्या, असे दोन्ही तिथे एकत्र सांगितले आहे. आपल्या भागातल्या ख्रिस्ती लोकांना हे नवे नाही. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय 1894 साली सुरू झाले, ते प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत भांडण नाही असे मानणाऱ्यांनीच उभे केले.

सीमाभागातल्या आईवडिलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपली मुले घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि काही घरांत कोंकणीही ऐकतात. मूल उशिरा बोलू लागले की आपण म्हणतो, "दोन-तीन भाषांमुळे गोंधळलेय, बोलेल हळूहळू." दोन भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे खुंटत नाही. पण वारंवार कान दुखून आत पाणी साचून राहिले, तर मुलाला कमी ऐकू येते, आणि जे नीट ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसे? कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत असेल, मूल हाकेला वळत नसेल किंवा बोलणे मागे पडले असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. भाषांना दोष देऊन वर्ष घालवू नये.

ऐकू कमी आल्याने काय हुकते, याचे उदाहरण आपल्याच मराठी ख्रिस्ती घरातले आहे. पंडिता रमाबाई 1883 साली वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण त्यांना घेता आले नाही. देवाने त्यांच्याकडून दुसरे मोठे कार्य करून घेतले, हे खरे. तरी जे दार आपल्याला उघडे ठेवता येते, ते आपल्या हयगयीने बंद होऊ नये.

आता रात्रीबद्दल. औषध सुरू झाले तरी पहिल्या एक-दोन रात्री बाळ उठतेच. त्या रात्री बहुतेक घरांत एकटी आई जागते, कारण "त्यांना सकाळी कामावर जायचे असते." कामावर तिलाही जायचे असते. बिडी वळणाऱ्या बाईला हजारावर मजुरी मिळते. झोप गेली की हात मंदावतो आणि मजुरी कमी होते. शिवाय थकलेले माणूस बाळाला छातीवर घेऊन खुर्चीत किंवा कोचावर झोपी गेले, तर बाळाचा श्वास कोंडण्याचा धोका असतो. म्हणून पाळी लावणे हा आईवर उपकार नव्हे, बाळाच्या सुरक्षेचा भाग आहे. दहा ते दोन बाबांनी, दोन ते सहा आईने. मध्ये पाजायची वेळ आली तर आईला उठवावे, पुन्हा बाळ आपल्या खांद्यावर घ्यावे.

जागताना सोबत मागणे हे दुबळ्या विश्वासाचे लक्षण नाही. गेथशेमानी बागेत प्रभू येशूने स्वतः आपल्या मित्रांना सोबत जागायला सांगितले होते. ते झोपी गेले, याचे त्याला वाईट वाटले. जे प्रभूने मागितले ते एका दमलेल्या आईने मागितले, तर तिला लाज वाटू नये. आणि तिला मागायची पाळी आपण येऊ देऊ नये.

स्नानसंस्काराच्या वेळी 'एफ्फाथा' विधीत धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि ओठांना स्पर्श करतात, देवाचा शब्द ऐकण्यासाठी आणि बोलण्यासाठी. आपण सगळे बाकांवर असतो. त्या कानांची काळजी घ्यायला नंतर कोण असते? प्रत्येक वाडीच्या प्रार्थनागटाने एवढे तरी ठरवावे: बाळ आजारी असलेल्या घरी एका वेळचा डबा पोचवणे, थोरल्या मुलांना शाळेत सोडणे, दुपारी दोन तास बाळ सांभाळून आईला झोपू देणे, रात्री रुग्णालयात जायची वेळ आली तर ज्याच्याकडे गाडी आहे त्याचा नंबर त्या घरी लिहून ठेवणे. धर्ममातापित्यांनी यात पहिले यावे. आणि रविवारी मिस्सामध्ये बाळ रडले तर मागे वळून पाहू नये.

आज रात्री आपल्या धर्मग्रामात कुठल्या तरी घरात दिवा जळत असेल. ते घर कुठले, हे उद्या सकाळी विचारून घ्या, आणि जाताना हातात डबा असू द्या.