स्वस्त प्रिंटर, महागडा टोनर

नालासोपारा पूर्वेला, स्थानकापासून तुळिंजच्या वस्तीपर्यंत झेरॉक्सची जी लहान दुकाने दिसतात, त्यांच्याकडे येणारी कामे ठरलेली असतात. आधार कार्डाची रंगीत प्रत, भाडेकरार, शाळेच्या प्रकल्पासाठी सूर्यमालेचे चित्र. रंगीत पानाचे दहा रुपये सांगितले की गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालते. गिऱ्हाइकाचे चुकते असेही नाही. मात्र कंपनीचा अस्सल टोनर वापरणाऱ्या दुकानदाराला त्या दहा रुपयांत अनेकदा पदरमोडच करावी लागते.

हिशेब साधा आहे. रंगीत लेझर प्रिंटरला काळा, निळा, किरमिजी आणि पिवळा अशा चार कार्ट्रिज लागतात. उदाहरणादाखल धरू की, रंगाची एक कार्ट्रिज ६ हजार रुपयांची असून १,२०० पाने देते आणि काळी ५,६०० रुपयांची असून १,४०० पाने देते. म्हणजे प्रत्येक रंगामागे पानाला ५ रुपये आणि काळ्याचे ४, एकूण १९ रुपये. कागद, वीज, दुकानाचे भाडे यांत धरलेलेच नाही. शिवाय खोक्यावर छापलेली पानांची संख्या प्रमाणित चाचणी-पानांवर काढलेली असते आणि त्या पानांवर प्रत्येक रंग सरासरी पाचेक टक्के जागाच व्यापतो. सूर्यमालेच्या काळ्याभोर आकाशाला ही मर्यादा ठाऊक नसते! नव्या प्रिंटरसोबत येणारी कार्ट्रिज बहुधा अर्धवट भरलेली असते, ती गोष्ट निराळीच. चारही कार्ट्रिजचा संच या हिशेबाने २३,६०० रुपयांना पडतो. तेवढ्यात, किंवा थोडी भर घालून, नवा प्रिंटरच येतो.

यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. सहा हजारांच्या कार्ट्रिजमध्ये सुमारे ९०० रुपये कराचे असतात. मोठ्या कार्यालयाला त्याची वजावट मिळते. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने नोंदणी न केलेल्या दुकानदाराला मात्र ती मिळत नाही. कराचा हा भार त्याच्याच अंगावर राहतो.

टोनर म्हणजे तरी काय? रंगद्रव्य मिसळलेली प्लॅस्टिकची अतिशय बारीक पूड. विद्युतभाराने ती कागदावर ओढली जाते आणि उष्णतेने वितळून चिकटते. चेस्टर कार्लसनने १९३८ मध्ये साधलेल्या कोरड्या छपाईचेच हे तत्त्व. महाग आहे ती पूड नव्हे, तर विक्रीची रीत. यंत्र कमी नफ्यात द्यायचे आणि नफा पुढे वर्षानुवर्षे टोनरमधून वसूल करायचा. दाढीचे यंत्र स्वस्त व पाती महाग, हीच ती नीती. प्रिंटरची स्वस्ताई हे एका परीने कर्जच असते आणि त्याचे हप्ते टोनरच्या रूपाने फेडावे लागतात. फरक एवढाच की, या कर्जाचा व्याजदर कोणी आधी सांगत नाही.

साहजिकच दुकानदार पर्याय शोधतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाच्या सुट्या भागांबरोबर पर्यायी कार्ट्रिज आणि रिफिलची पूडही मिळते. तिचे दोषही लपवण्यासारखे नाहीत. हलकी पूड सांडते, रंग फिके उतरतात, कधी ड्रमच खराब होतो आणि वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात. पण चांगली पर्यायी पूडही चालू नये, अशी तजवीज कंपन्यांनी केली आहे. कार्ट्रिजवर एक चिप असते आणि ती न ओळखल्यास यंत्र छापण्यास नकार देते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एचपीच्या काही इंकजेट प्रिंटरांनी इतरांच्या कार्ट्रिज एकाएकी नाकारल्या. ओरड झाल्यावर ग्राहकांना नीट न कळवल्याबद्दल कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लेक्समार्क कंपनी 'एकदाच वापरा आणि परत करा' या अटीवर टोनर सवलतीत विकत असे. त्या रिकाम्या कार्ट्रिज भरून विकणाऱ्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्सवर तिने पेटंटभंगाचा दावा लावला. वस्तू एकदा विकली की तिच्यावरील पेटंटधारकाचा हक्क संपतो, असा निकाल न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी दिला. चिपचे कुलूप मात्र त्या निकालाने उघडले नाही.

आपल्याकडे वाट अगदीच बंद आहे असे नाही. मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. पुढे अपिलात काहींचा दंड कमी झाला, पण गाडी घेतल्यावर ग्राहक एकाच विक्रेत्याच्या तावडीत सापडतो, हे आयोगाचे निरीक्षण टोनरलाही तंतोतंत लागू पडते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, एक वस्तू देताना दुसरी घेण्याची सक्ती ही 'प्रतिबंधक व्यापारी प्रथा' मानली आहे. व्यापारासाठी खरेदी करणारा ग्राहक ठरत नाही; तथापि केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी खरेदी करणारा ठरतो. म्हणजे तुळिंजचा दुकानदार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. चिपची अडवणूक या व्याख्येत बसते की नाही, हा युक्तिवादाचा मुद्दा राहील. आमच्या मते ती बसायला हवी.

त्याहून सोपा उपाय सरकारच्या हाती आहे. वैधमापनाच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन आवेष्टित वस्तूंवर एकक-किंमत छापणे बंधनकारक झाले. पिठाच्या पिशवीवर त्यामुळे ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे, हे दिसते. टोनरचे एकक मात्र 'एक नग', त्यामुळे एककाची किंमत आणि खोक्याची किंमत एकच. पान हे एकक धरून, त्याच प्रमाणित चाचणीच्या आधारे, दर पानाचा खर्च टोनरच्या आणि मुख्यतः प्रिंटरच्या खोक्यावर छापायला लावणे कायद्याच्या चौकटीत अवघड नाही. ५० हजारांचा प्रिंटर आणि पानाला सहा रुपये, की २८ हजारांचा आणि पानाला एकोणीस, ही तुलना मग दुकानदाराला पैसे मोजण्यापूर्वी करता येईल.