उजेड कोपऱ्यात मोजा

बंद खोलीत रॅक मांडून लेट्युस, तुळस, मायक्रोग्रीन्स पिकवणारे आता मुंबई-पुण्यातही भेटतात. एलईडी घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, वॅट किती? वॅटवरून विजेचा खर्च कळतो, पानावर काय पोचते ते कळत नाही. पानावरचा प्रकाश मायक्रोमोलमध्ये, दर चौरस मीटरला दर सेकंदाला मोजतात. समजा, कप्प्याच्या मधोमध एकच दिवा टांगला आणि त्याच्या बरोबर खाली ३०० मायक्रोमोल मिळाले, तर कोपऱ्यात १२० भरणे नवलाचे नाही. दिवा १६ तास चालला, की मधल्या रोपाच्या वाट्याला दिवसाकाठी सुमारे १७ मोल येतात आणि कोपऱ्यातल्याच्या जेमतेम ७. लेट्युसला साधारण १२ ते १७ मोल हवेत. मग एकाच दिवशी लावलेल्या ट्रेमध्ये मधला गड्डा भरतो, कडेचा किडकिडीत आणि फिक्या पानांचा राहतो. काढणी एकदम होत नाही, बिल मात्र पूर्ण कप्प्याचे भरावे लागते.

यावर ‘मोठा दिवा लावा’ हा सल्ला सर्रास मिळतो. त्याने कोपरा सुधारतो, पण मधल्या लेट्युसची वाढ इतकी वेगाने होते की कोवळ्या पानांना कॅल्शियम पुरत नाही आणि त्यांच्या कडा करपतात. दिवा उंच टांगला तर उजेड सारखा पसरतो, पण बराचसा कप्प्याबाहेर सांडतो. पांढऱ्या भिंती त्यातला थोडाच परत देतात. तेवढेच वॅट चार-पाच लांब पट्ट्यांत वाटणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. त्यातही कडेच्या पट्ट्या जवळजवळ हव्यात, कारण मधल्या रोपाला दोन्ही बाजूंनी उजेड मिळतो, कडेच्याला एकाच. पट्ट्या आणि जोडणी महाग पडते, हे खरे. पण तो खर्च एकदाच होतो, कमी भरलेल्या कडेचा तोटा प्रत्येक काढणीला. ट्रे फिरवत राहण्याचा उपाय घरच्या एका रॅकपुरता ठीक. शंभर ट्रे असले की त्याची मजुरी होते. आणि मोजायला महागडे यंत्रच लागते असेही नाही. लक्समीटर माणसाच्या डोळ्यासाठी बनलेला असल्याने पिकाचा नेमका आकडा देत नाही, पण दिवे एकाच प्रकारचे असतील तर मध्याच्या तुलनेत कोपरा किती मागे आहे ते तो नक्की दाखवतो. विक्रेत्यांनी तर वॅट आणि वॉरंटीच्या शेजारी, किती उंचीवर, केवढ्या कप्प्यात, कुठल्या चौकोनात किती उजेड पडतो याचा तक्ता छापायलाच हवा. तो मिळेपर्यंत ग्राहकाने पैसे मोजू नयेत.