विश्लेषण : गाडीला ‘मशीन मारताना’ नेमके काय झिजते? पॉलिशर सुरक्षित कसा वापरावा?

दसऱ्याला गाडीची पूजा, मग दिवाळी आणि त्यापाठोपाठ लग्नसराई. या दिवसांत गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावातील वॉशिंग सेंटर आणि डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते, ‘एकदा मशीन मारून द्या.’ अर्ध्या तासात गाडी चमकते आणि मालक खूश होतो. पण ही चमक फुकट मिळत नाही. ती रंगाच्या थरातून वसूल होते. यंत्र चुकीचे असेल, तर कारागिराच्या बोटांवर किंवा डोळ्यांवरही बेतू शकते. पॉलिशरचा वापर वाढला आहे, पण त्याबद्दलची माहिती त्या वेगाने पोहोचलेली नाही. खरी अडचण तिथेच आहे.

चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात गाड्या लवकर निस्तेज का होतात?

गोंडपिपरी हे चंद्रपूरहून आष्टी, आलापल्लीकडे जाणाऱ्या मार्गावरचे गाव. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक करणारे ट्रक याच पट्ट्यातील रस्त्यांवरून धावतात. चंद्रपूरकडे गेले की २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी आणि राजुरा-कोरपना भागातील सिमेंट कारखाने लागतात. म्हणजे इथल्या गाडीवर बसणारी धूळ साधी माती नसते. तिच्यात खनिजाची पूड, राख आणि सिमेंटचे कण असू शकतात.

हे कण कठीण असतात. लोहखनिजातील हेमेटाइट लोखंडी खिळ्यापेक्षा कठीण असू शकते. राखेत सिलिकाचे काचेसारखे कण असतात. अशी धूळ कोरड्या फडक्याने पुसली, की फडके पॉलिश पेपरसारखे काम करते. रोज सकाळी ‘गाडी पुसून घेण्याची’ सवय हीच रंगावरच्या गोल-गोल बारीक ओरखड्यांचे मोठे कारण असते. त्यात बोअरच्या जड पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक, जंगल रस्त्यावरच्या काटेरी झुडपांचे ओरखडे आणि उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा. गाडी निस्तेज होते, मालक मशीन मारून घेतो, पुन्हा कोरडे फडके फिरते आणि सहा महिन्यांत पुन्हा मशीन. या चक्रात रंग मात्र दर वेळी थोडा कमी होत जातो.

पॉलिश म्हणजे रंगावर काही चढवणे की रंग काढणे?

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. वॅक्स चढते, पॉलिश मात्र काढते. पॉलिश किंवा कंपाऊंडमध्ये बारीक घासणारे कण असतात. ओरखडा बुजत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश एकसारखा परावर्तित होतो आणि गाडी चमकते.

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. गंजरोधक ई-कोट, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते. त्यातील क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर यंत्र फिरते, तो केसापेक्षाही पातळ आहे.

हाच थर उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवतो. तो फार पातळ झाला, तर लगेच काही दिसत नाही. एक-दोन उन्हाळे गेले की छतावर आणि बॉनेटवर पांढुरके पोपडे दिसू लागतात. त्यावर पॉलिशचा उपाय चालत नाही, पुन्हा रंगच द्यावा लागतो. म्हणूनच गाडीच्या संपूर्ण आयुष्यात ७-८ मायक्रॉनपेक्षा जास्त क्लिअर कोट घासू नये, असा सावध सल्ला या क्षेत्रातील जाणकार देतात. जाड कंपाऊंड आणि लोकरी बफ यांच्या एका जोरकस हातात दोन-चार मायक्रॉन सहज जाऊ शकतात. दरवर्षी मशीन मारणे परवडत नाही, ते या हिशेबाने.

रोटरी आणि डीए पॉलिशर यांत फरक काय?

रोटरी पॉलिशरचे पॅड एकाच अक्षाभोवती गोल फिरते. वेग साधारण ६०० ते ३,००० फेरे प्रति मिनिट. ताकद जास्त, काम झटपट; पण घर्षणाची उष्णता एका जागी साठते. हात दोन-तीन सेकंद जास्त थांबला तर रंग भाजू शकतो. नवख्या हाताने मारलेल्या गाडीवर उन्हात इंद्रधनुष्यासारखी वलये दिसतात, ती बहुतेक याचीच.

डीए म्हणजे ड्युअल ॲक्शन पॉलिशर. त्याचे पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी केंद्रापासून थोडे सरकत डोलतेही. त्यामुळे उष्णता पसरते. साध्या डीएवर जास्त दाब दिला तर त्याचे फिरणे मंदावते किंवा थांबते. कामाच्या दृष्टीने ही मर्यादा वाटते, पण शिकाऊ माणसासाठी तीच सुरक्षा आहे. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवली, तर पॅड फिरते आहे की नुसते थरथरते आहे हे लगेच कळते. घरी पहिल्यांदाच यंत्र हाती घेणाऱ्याने डीएच घ्यावा.

ग्राइंडरला बफ लावण्यात धोका कोणता?

छोट्या दुकानात सर्रास दिसणारा आणि सर्वात धोकादायक प्रकार हाच. पत्रा कापायच्या चार इंची अँगल ग्राइंडरलाच बफ बसवून गाडी चमकवली जाते. आकडे पाहिले की धोका समजतो. सात इंची पॅड रोटरीवर १,५०० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्यावरच्या चार इंची पॅडच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो.

या वेगात क्लिअर कोट काही क्षणांत जळतो. त्याहून गंभीर म्हणजे पॅड आणि बॅकिंग प्लेट या वेगासाठी बनवलेल्याच नसतात. प्लेटवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो ग्राइंडरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर प्लेट फाटून उडू शकते. बफ बसवण्यासाठी गार्ड काढलेला असतो, म्हणजे मध्ये आडकाठीही नसते. रंग बिघडला तर पुन्हा देता येतो, डोळा नाही.

यंत्र लावण्याआधी काय करावे?

पहिली पायरी धुण्याची. आधी भरपूर पाण्याने धूळ सोडवावी, मग शाम्पूने धुवावे. एक बादली शाम्पूची, दुसरी कापड खळबळायची. दोन्ही वेगळ्या ठेवल्या तर मातीचे कण परत गाडीवर जात नाहीत. धुतल्यानंतरही पत्र्यावर बोट फिरवताना खरखर लागत असेल, तर रंगात कण रुतलेले आहेत. ते क्ले बारने, भरपूर वंगणासह काढावेत. हे कण तसेच ठेवून यंत्र फिरवले, तर पॅडखाली ते वाळूसारखे घासत राहतात.

दुसरी पायरी ओळखण्याची. नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने काढायला जाऊ नये. दुकानात जाडी मोजण्याचे यंत्र असेल तर प्रत्येक पॅनेल मोजावे. कुठे आकडा २०० मायक्रॉनच्या वर दिसला, तर तिथे पुन्हा रंग किंवा पुट्टी झाली असण्याची शक्यता जास्त. मात्र हे यंत्र एकूण जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही. आणि प्लास्टिकच्या बंपरवर नेहमीचे यंत्र चालतही नाही.

तिसरी पायरी झाकण्याची. दरवाजाच्या कडा, बॉनेटवरच्या उठावदार रेषा, काळे प्लास्टिक, रबर, बोधचिन्हे यांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर रंग मुळातच पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो.

प्रत्यक्ष काम करताना काय पाळावे?

– गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. विदर्भाच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर कंपाऊंड लगेच वाळते. उन्हाळ्यात सकाळचे काम बरे.

– आधी एका कोपऱ्यात चाचणी घ्यावी. सर्वात मऊ पॅड आणि सर्वात सौम्य पॉलिशने सुरुवात करावी. त्याने भागले नाही तरच एक पायरी वर जावे.

– पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरे. एका वेळी साधारण दीड ते दोन फूट लांबी-रुंदीचा चौकोन घ्यावा.

– पॅड पत्र्यावर टेकवूनच यंत्र सुरू करावे आणि पूर्ण थांबल्यावरच उचलावे. हवेत सुरू केले तर कंपाऊंड सगळीकडे उडते.

– पॅड सपाट ठेवावे. रोटरी असेल तर १,००० ते १,५०० फेऱ्यांच्या आसपास आणि सतत हलते ठेवावे. आधी आडवे, मग उभे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा येईल असा.

– मध्येच हाताची मागची बाजू पत्र्याला लावून पाहावी. चटका बसत असेल तर थांबावे. प्लास्टिकचा बंपर उष्णता पुढे वाहून नेत नाही, म्हणून तिथे दुप्पट सावध राहावे.

– प्रत्येक पॅनेलनंतर पॅड साफ करावे. जमिनीवर पडलेले पॅड धुतल्याशिवाय पुन्हा लावू नये.

– पॅडवर गाडीचा रंग उतरू लागला तर थांबावे. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाड्यांत रंग उतरणे स्वाभाविक आहे. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीत तो धोक्याचा इशारा असतो. मॅट रंगाच्या गाडीला तर यंत्र लावूच नये.

कारागिराने स्वतःला कसे जपावे?

गळ्यातला दुपट्टा, सैल बाह्या, हातातला कडा किंवा दोरा हे सगळे फिरत्या पॅडमध्ये अडकू शकते. काम सुरू करण्याआधी ते काढून ठेवावे. डोळ्यांवर गॉगल म्हणजे उन्हाचा चष्मा नव्हे, बाजूने बंद असलेला सुरक्षा चष्मा. वाळलेल्या कंपाऊंडची पूड नाकात जाऊ नये म्हणून मास्क हवा. पॅड बदलताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा.

वॉशिंग सेंटरमध्ये जमीन ओली आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरच असे दृश्य नेहमीचे. तिथे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा. वायरचे इन्सुलेशन फाटले असेल तर चिकटपट्टीवर काम भागवू नये. काम करताना वायर खांद्यावरून मागे टाकावी. ती पॅडखाली येत नाही आणि रंगावर घासतही नाही. थिनर किंवा टर्पेंटाइनने भिजलेली फडकी यंत्राजवळ ठेवू नयेत.

जबाबदारी कोणाची?

सगळा दोष कारागिरावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या दुकानात एकच ग्राइंडर पत्रा कापतो, वेल्डिंग घासतो आणि गाडीही चमकवतो, तिथे डीए पॉलिशर आणि तीन प्रकारची पॅड हा मोठा खर्च असतो. ग्राहकाला काम तासाभरात आणि काहीशे रुपयांत हवे असते. नीट धुऊन, क्ले करून, एकेक पॅनेल पॉलिश करायला पूर्ण दिवस लागू शकतो. घाई आणि घासाघीस ग्राहकाची, मात्र जळलेल्या रंगाचे खापर कारागिरावर, असा हा व्यवहार आहे.

तो बदलायचा तर तीन गोष्टी हव्यात. एक, ग्राहकाने ‘मशीन मारून द्या’ म्हणण्याऐवजी ‘यंत्र कोणते, पॅड कोणते, कंपाऊंड कोणते’ असे विचारावे आणि त्या कामाचा योग्य मोबदला द्यावा. दोन, दुकानदाराने काम घेण्याआधी जुने ओरखडे, पुन्हा रंगवलेले भाग यांचा फोटो काढून दोन ओळी लिहून द्याव्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. अशी नोंद असेल तर ग्राहक आणि दुकानदार दोघांचेही संरक्षण होते. तीन, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांना पॉलिशरची प्रात्यक्षिके द्यावीत. भंगारातले एक जुने बॉनेट आणि एक डीए एवढ्यावर हा धडा देता येतो. बॉनेटवर एकदा मुद्दाम रंग जाळून दाखवला, तर तो धडा विसरला जाणार नाही. खाणी आणि कारखान्यांमुळे या भागात गाड्या वाढत आहेत. त्यांची निगा राखण्याचे काम इथल्याच तरुणांना मिळायचे असेल, तर ते धड हातपायांनिशी मिळायला हवे.

गाडीमालकासाठी सर्वात स्वस्त उपाय यंत्राच्या आधीचा आहे. धूळ कोरडी पुसू नये, आधी पाण्याने सोडवावी. पक्ष्याची विष्ठा त्याच दिवशी ओल्या कापडाने काढावी. वर्षातून दोन-तीनदा हाताने वॅक्स लावावे, शक्य तेव्हा गाडी सावलीत उभी करावी. एवढे पाळले तर यंत्राची गरज काही वर्षांतून एकदाच पडेल आणि ती पडेल तेव्हा घासण्यासाठी क्लिअर कोट शिल्लक असेल.